आठवड्याचा स्वयंपाक आधी ठरवायचा कसा आणि नवीन रेसिपी आणायच्या कुठून?

तुम्ही लिहिलंय की दोघंही नोकरीला, संध्याकाळी घरात शिरलं की आज काय करू यातच जीव जातो. मी ठाण्यात राहते, आमच्याकडेही सेम होतं म्हणून सांगते.

आधी पदार्थ ठरवून मग भाजीला जाऊ नका. मी तसा कागद फ्रीजवर लावायचे, गुरुवारी मेथी असं लिहिलेलं आणि गुरुवारपर्यंत दोन्ही जुड्या पिवळ्या, टाकताना फार जीवावर आलं. आता रविवारी जे ताजं दिसेल ते आणते आणि जे लवकर खराब होतं ते आधी संपवते. सोम-मंगळ पालेभाजी, मग भेंडी-गवार, शुक्रवारी दुधी नाहीतर लाल भोपळा, शनिवारी उसळ. उसळीचं मात्र आधी सुचावं लागतं, मटकी गुरुवारी रात्री भिजत घातली, शुक्रवारी सकाळी उपसून फडक्यात घट्ट बांधली तर शनिवारी छान मोड येतात, म्हणून मोबाईलवर गुरुवारचा अलार्मच लावलाय. थंडीत गाठोडं कुकरमध्ये झाकून ठेवा. आणि रविवारी कांदा-खोबरं खरपूस भाजून कमी पाण्यात वाटण करून ठेवलं की चार दिवस फ्रीजमध्ये टिकतं, अर्धं काम तिथेच होतं.

नवीन पदार्थ आठवड्याला एकच, तोही सुट्टीच्या दिवशी. व्हिडिओ बघा, पण माझा जास्त विश्वास ऑफिसमधल्या डब्यांवर. दुसऱ्याच्या डब्यातलं आवडलं की तिथेच विचारायचं, करणारी बाई जिथे चुकतं ते बरोब्बर सांगते. जळगावच्या मैत्रिणीकडून फुणके असेच शिकले. तूरडाळ चार तास भिजवून मिरची, लसूण, जिरं घालून भरड वाटायची, भरपूर कांदा-कोथिंबीर, मीठ घालून मुटके वळायचे आणि चाळणीत पंधरा-वीस मिनिटं वाफवायचे. ती म्हणाली वाटताना पाणी अजिबात नको, नाहीतर वाफेवर सुटतात, आणि खरंच पहिल्याच वेळी मस्त झाले. उरलेले सकाळी कुस्करून फोडणीत परतले की डब्याची भाजी तयार.

ह्या रविवारी हेच करून बघा, कढीत कुस्करून वरून लसणाची फोडणी घेऊन खायचे, फक्त कढी जरा पातळ आणि जास्तच करा, फुणके खूप पितात.