पिव्हटची बेअरिंग दर पावसाळ्यात का जाते?

प्रश्न : मुलुंडला राहतो, येऊर आणि आरेच्या बाजूला फुल-सस्पेन्शन (पुढे-मागे दोन्हीकडे धक्के शोषणारी) सायकल चालवतो. स्विंगआर्म, म्हणजे मागचं चाक धरणारा हलता भाग, फ्रेमला जिथे जोडलेला असतो त्या मुख्य पिव्हटची बेअरिंग दर पावसाळ्यात जाते, तीही बहुतेक उजवीकडचीच. दुकानदार महागडी बेअरिंग घ्या म्हणतो. घ्यावी का?

उत्तर : नुसत्या महागड्या बेअरिंगने हे थांबणार नाही. चाकातली बेअरिंग गरगर फिरते, त्यामुळे ग्रीस सगळीकडे पोचत राहतं. पिव्हटची बेअरिंग मात्र काही अंशांतच मागे-पुढे हलते. छर्रे त्याच जागी घासतात, त्यांच्याखालचं ग्रीस बाजूला सरतं ते परत येत नाही. मग सीलमधून (बेअरिंगच्या बाजूच्या रबरी झाकणातून) पाणी शिरतं, गंज धरतो आणि रेसवर, म्हणजे छर्रे ज्यांवर फिरतात त्या आतल्या-बाहेरच्या कड्यांवर, खळगे पडतात. नव्या बेअरिंगमध्ये आतल्या मोकळ्या जागेच्या साधारण पाव ते एक तृतीयांशच ग्रीस असतं. वेगाने फिरणाऱ्या मोटरला ते पुरतं, पिव्हटला नाही.

म्हणून नवी बेअरिंग बसवण्याआधीच उघडा. सीलच्या आतल्या कडेखाली पातळ ब्लेडचं टोक घालून सील अलगद उचला. कड दुमडली तर ते सील गेलंच समजा. आतलं ग्रीस डीग्रीझरने धुवा, बेअरिंग पूर्ण वाळवा आणि पाण्यात टिकणारं मरीन ग्रीस काठोकाठ भरा.

खरेदीला जाताना जुन्या बेअरिंगवरचा नंबर लिहून न्या. ६९०२ असेल तर माप १५ × २८ × ७ मिमी. मुंबईतल्या नागदेवी स्ट्रीटवर विचारताना २आरएस, म्हणजे दोन्हीकडे रबरी सील असलेलीच मागा. झेडझेडचं पत्र्याचं झाकण पाणी अडवत नाही. पिंजरा (छर्रे एकमेकांपासून दूर ठेवणारी पट्टी) नसलेली, जास्त छर्र्यांची बेअरिंग मिळाली तर पिव्हटसाठी तीच चांगली.

बसवताना हातोडी नकोच. आट्यांचा रॉड, दोन नट, जाड वॉशर आणि फक्त बाहेरच्या रेसवर टेकेल असा सॉकेट घ्या. ६९०२ साठी सॉकेटचा बाहेरचा व्यास २७ मिमीच्या आसपास हवा. दाब आतल्या रेसवर आला की तो छर्र्यांमधून जातो आणि बेअरिंग पहिल्या राइडआधीच खराब होते.

आता उजव्या बाजूचं. एकच बाजू वारंवार जात असेल तर दोन्ही बेअरिंग एका रेषेत आहेत का ते बघा. दोन्ही बेअरिंग बसल्यावर एक्सल बोटांनी आरपार सरकला पाहिजे. ठोकावा लागत असेल तर एखादी बेअरिंग तिरकी आहे किंवा तळाला टेकलेली नाही. बेअरिंग फ्रेममध्ये ज्यात बसते त्या खाचेतली माती, जुना रंग पुसून पुन्हा बसवा. तरीही अडकत असेल तर फ्रेमच्या खाचाच एका रेषेत नाहीत, तिथे वॉरंटी मागा. बोल्ट फ्रेमवर छापलेल्या टॉर्कलाच (आवळण्याच्या जोरालाच) आवळा.

प्रश्न : खाऱ्या हवेसाठी स्टेनलेस बेअरिंग घ्यावी का?

उत्तर : गंज कमी धरेल, पण ते पोलाद नेहमीच्या क्रोम पोलादापेक्षा थोडं मऊ असतं, भार कमी पेलतं. ग्रीस तिलाही काठोकाठच लागतं. पिव्हटवर प्रेशर वॉशरचा झोत मारू नका. पावसाळ्यात महिन्यातून एकदा शॉकचा (मागचे धक्के शोषणाऱ्या भागाचा) खालचा बोल्ट काढून स्विंगआर्म हाताने वर-खाली करा. खरखर जाणवली की सील उघडून ग्रीस बदला, टकटक लागली तर बेअरिंगच बदला.