भारतात फ्रीमेसनांची राष्ट्रीय संस्था इतक्या उशिरा का झाली?

तुमचा प्रश्न असा, की फ्रीमेसन (बंधुभाव मानणाऱ्या एका जुन्या संघटनेचे सदस्य, थोडक्यात मेसन) १७३० च्या सुमारास कलकत्त्यात आले, तर मग ‘ग्रँड लॉज ऑफ इंडिया’ ही त्यांची राष्ट्रीय संस्था थेट १९६१ साली का? स्वातंत्र्यानंतरही १४ वर्षं कसली वाट पाहिली?

मी सदस्य नाही. फोर्टात नोकरीला होतो तेव्हा त्यांच्या हॉलवरून रोज ये-जा व्हायची, त्यातून वाचनाचा नाद लागला.

बऱ्याच जणांना वाटतं की या मंडळींचं जगभराचं एखादं मुख्यालय असेल. तसं काही नाही. त्यांच्या स्थानिक शाखेला लॉज म्हणतात, आणि अशा शाखांवरची संस्था ती ग्रँड लॉज. लंडनची ग्रँड लॉज १७१७ ची, पण आयर्लंड आणि स्कॉटलंडच्या ग्रँड लॉज तिच्यापासून पूर्ण स्वतंत्र. ज्यांच्याकडून सनद, म्हणजे लॉज चालवायचा परवाना, घेतली त्यांचे नियम पाळायचे, एवढंच. त्यामुळे आपल्याकडे एकाच शहरात कुणी लंडनचे, कुणी एडिंबराचे, कुणी डब्लिनचे. म्हणजे इथली राष्ट्रीय संस्था काढायची तर तिन्ही घरांची संमती हवी. ती मिळून २४ नोव्हेंबर १९६१ ला दिल्लीत स्थापना झाली. पहिले ग्रँड मास्टर, म्हणजे प्रमुख, रामपूरचे नवाब रझा अली खान.

पण मला विचाराल तर या इतिहासातला खरा मजकूर तारखांत नाही, आत कुणाला घ्यायचं या भांडणात आहे. मुंबईचे पारशी गृहस्थ माणकजी कर्सेटजी यांना इथल्या इंग्रजांच्या लॉजने दारातूनच परत पाठवलं. बाबा चिकाटीचे. विलायतेला गेले, तिथेही जमलं नाही, तेव्हा पॅरिसला जाऊन दीक्षा घेतली! मेसन होऊन मुंबईला परतले तरी त्या लॉजचा नकार कायम. शेवटी डॉ. जेम्स बर्न्स या स्कॉटिश अधिकाऱ्याने १८४३ मध्ये ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही लॉज काढली, मुद्दाम एतद्देशीयांना घेता यावं म्हणून. सनद अर्थातच स्कॉटलंडची. (मुलींसाठी अलेक्झांड्रा शाळा काढणारे माणकजी ते हेच.)

हिंदूंची वाट त्याहून बिकट. मेसन व्हायला एका परमेश्वरावर श्रद्धा लागते, आणि तुमचे तर देव अनेक, हा आक्षेप. कलकत्त्याच्या प्रसन्नकुमार दत्तांना त्यापायी वर्षानुवर्षं झगडावं लागलं, १८७२ साली दार उघडलं. विवेकानंदांनी १८८४ मध्ये दीक्षा घेतली ती त्याच कलकत्त्यात. आज भारतीय लॉजमध्ये बायबलशेजारी गीता, कुराण, गुरू ग्रंथ साहिब आणि अवेस्ता ठेवतात, आणि सदस्य आपापल्या ग्रंथावर शपथ घेतो.

राहिलं तुमचं ‘मग आता सगळे एकाच छत्राखाली का?’ हे. नाही. १९६१ मध्ये सक्ती कुणावर झाली नाही. प्रत्येक लॉजने आपलं ठरवलं. निम्म्याच्या आसपास लॉज नव्या संस्थेत आल्या, बाकीच्या जुन्या सनदीवर राहिल्या आणि त्यातल्या काही अजून आहेत. तेव्हा ओळखीचा कुणी ‘मी मेसन आहे’ म्हणाला, तर पुढचा प्रश्न विचारा, ‘कुठल्या सनदीचे?’