संशोधन : शोध, दुरुस्ती की वजाबाकी?

प्रश्न असा आला आहे. एका संस्थेच्या माहितीपत्रकात 'क्वांटम भौतिकी, ज्यामिती तथा कृषी व व्यापार अर्थशास्त्र यांतील शोधकार्य' असं वाक्य छापायला निघालं आहे. विचारणाऱ्या बाईंना तिथे 'संशोधन' हवं आहे. त्यांचे सहकारी म्हणतात, संशोधन म्हणजे दुरुस्ती, 'घटना संशोधन' म्हणतात ना? मग भूमितीत कोण काय दुरुस्त करतंय? त्यावर बाईंना आणखी एक शंका आली आहे : एकाचं काम प्रयोगशाळेत, दुसऱ्याचं कोऱ्या कागदावर, तिसऱ्याचं बाजारभावांच्या तक्त्यांत, या तिघांना एकच शब्द पुरेल का?

पुरेल, आणि तो 'संशोधन' हाच.

आधी ते 'घटना संशोधन' निकालात काढू, कारण बातम्यांतून ते ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. मराठीत घटनादुरुस्ती होते. संविधानाच्या अधिकृत मराठी पाठात त्यासाठी 'सुधारणा' हा शब्द आहे. १९७६ चा तो गाजलेला कायदा तिथे 'बेचाळिसावी सुधारणा' म्हणून येतो. 'संविधान संशोधन' हे हिंदी आहे आणि हिंदीत ते अगदी बरोबर आहे. हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती, आणि आपण ज्याला संशोधन म्हणतो त्याला शोध किंवा अनुसंधान. पण 'कृषी कायद्यात संशोधन' असा मराठी मथळा छापला की वाचणाऱ्याला वाटतं, कोणीतरी त्या कायद्याचा अभ्यास करतंय. प्रत्यक्षात कायदा बदललेला असतो! दोन्ही भाषांची लिपी एक, शब्दही एक, म्हणून अर्थही एकच असं धरून चालणं हा निव्वळ आळस आहे. आपल्याकडे ज्या संस्थेला टाटा मूलभूत संशोधन संस्था म्हणतात तिचं हिंदी नाव टाटा मूलभूत अनुसंधान संस्थान आहे, आणि भारतीय कृषी संशोधन परिषद हिंदीत भारतीय कृषि अनुसंधान परिषद होते. ही पाटी एकदा दोन्ही भाषांत वाचली तरी घोळ मिटावा.

आता 'शोध'. मराठीत हरवलेल्या वस्तूचा शोध चालतो, चोराचा शोध घेतात, आणि जे पूर्वी ठाऊक नव्हतं ते हाती आलं की शोध लागतो. म्हणजे शोध एक तर साधी धुंडाळणी, नाही तर तिचं फळ. मधली वर्षानुवर्षांची शिस्तबद्ध खटपट, जिच्या शेवटी शोध लागेल किंवा लागणारही नाही, ती संशोधन. आयुष्यभर उत्तम संशोधन करून एकही शोध न लावलेली माणसं असतात आणि त्यांना आपण संशोधकच म्हणतो. त्यामुळे 'शोधकार्य' वाचल्यावर मला भूकंपानंतर ढिगारा उपसणारी पथकं आठवतात, पुंजभौतिकी (म्हणजेच क्वांटम भौतिकी) नव्हे. 'शोधनिबंध' मात्र रुळलेला आहे, तो राहू द्या.

'अनुसंधान' मराठीत आणावा असा आग्रह धरणारे काही संस्कृतज्ञ आहेत. संशोधन म्हणजे फक्त शुद्धीकरण, त्यात शोधाचा अर्थ मराठीनं उगाच घुसडला, असं त्यांचं म्हणणं. मला ते साफ नामंजूर आहे. एक तर मराठीत अनुसंधानाची जागा आधीच भरलेली आहे. नामाचं अनुसंधान, कथेचं अनुसंधान, बोलता बोलता अनुसंधान सुटणं, हे सगळं चित्ताचा धागा तुटू न देण्याबद्दल आहे. इतका नाजूक शब्द उपटून प्रयोगशाळेच्या दारावर टांगायचा कशाला? आणि दुसरं, 'शोधणे'मध्ये स्वच्छ करणं आणि हुडकणं हे दोन अर्थ मराठीत फार जुन्या काळापासून एकत्र नांदतात. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. 'ग्रंथ पूर्वींच अतिशुद्ध', असं त्यांनीच लिहून ठेवलं आहे. बिघडले होते ते पाठ, आणि मग 'तो शोधूनियां एवंविध'. या 'शोधूनियां'चा अर्थ काय लावाल? साफ करून म्हणाल, तर खरा पाठ हुडकल्याशिवाय साफ काय करणार? हुडकून म्हणाल, तर चुकीचं बाजूला सारल्याशिवाय हुडकलं कसं? दोन अर्थ सुटेच होत नाहीत. पुण्यात १९१० साली राजवाडे आणि मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं, तेव्हा त्या नावातला 'संशोधक' याच वाटेनं आला होता : कागद गोळा करायचे, खोटे वेगळे काढायचे, खरे उरवायचे. छापखान्यातला मुद्रितशोधक तर आजही दोन्ही कामं एकाच नजरेनं करतो.

इंग्रजीतल्या रिसर्चची फोड 'री म्हणजे पुन्हा, सर्च म्हणजे शोधणे' अशी करून 'पुनःशोध' सुचवणारेही भेटतात. ती फोड चुकीची आहे. शब्द जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्यातला 'री' पुन्हाचा नाही, जोर देणारा आहे. कसून, नेटानं शोधणं. आपल्या 'संशोधना'तला 'सम्' तेच काम करतो. मुळातलं लॅटिन क्रियापद गोल फिरण्याचं आहे, वर्तुळवाल्या सर्कसच्याच घरातलं, पण तिकडे आत्ता जायला नको.

कारण मला जिथे पोहोचायचं आहे ती जागा वेगळी आहे. 'शोध' आणि 'संशोधन' ज्यातून आले त्या शुध् धातूचा एक अर्थ कोणी सांगत नाही : संस्कृत गणितात शोधन म्हणजे वजाबाकी. ज्यातून काही वजा करायचं त्यातून ते 'शोधायचं'. भास्कराचार्यांच्या बीजगणितात, म्हणजे ११५० च्या आसपास, धन आणि ऋण संख्यांच्या वजाबाकीचा नियमच असा सुरू होतो : 'संशोध्यमानं स्वमृणत्वमेति स्वत्वं क्षयः'. वजा होताना धन ऋण होतं आणि ऋण धन होतं. वजा होत असलेली संख्या म्हणजे संशोध्यमान! शब्द सम् उपसर्गासकट आहे, आपल्या 'संशोधना'चा सख्खा.

आणि तिथेच समीकरण सोडवायची रीत आहे. एका बाजूचं अव्यक्त, म्हणजे न कळलेली संख्या, दुसऱ्या बाजूतून 'शोधयेत्' (वजा करावं), दुसऱ्या बाजूचे व्यक्त, म्हणजे माहीत असलेले, अंक पहिलीतून. मग उरलेल्या अंकांना उरलेल्या अव्यक्तानं भागा, की 'व्यक्तं मानं जायतेऽव्यक्तराशेः', अव्यक्ताची किंमत व्यक्त होते. उदाहरणही व्यापारातलं आहे. एकाकडे ३०० रूपं (रूप म्हणजे इथे पैशाचं एकक) आणि ६ घोडे. दुसऱ्याकडे १० घोडे, पण डोक्यावर १०० रूपांचं ऋण. दोघांची मत्ता सारखी, सगळे घोडे एकाच किमतीचे. घोड्याची किंमत काय? दोन ओळी एकाखाली एक मांडायच्या, घोड्याची न कळलेली किंमत 'या' या अक्षरानं लिहायची आणि ऋण अंकाच्या डोक्यावर टिंब द्यायचं. आता शोधन. दोन्हींकडून ६ घोडे काढले. दुसऱ्याकडे उरले ४. ३०० मधून ऋण १०० काढलं. ऋण काढलं की धन, म्हणून झाले ४००. चार घोड्यांचे ४००, एकाचे १००. ताळा करा : पहिल्याचे ३०० आणि ६०० मिळून ९००, दुसऱ्याचे १००० वजा १००, तेही ९००.

यातली गंमत ऋणापाशी आहे. ते ऋण इथे वजा झालं आणि फिटलंही. ऋणशोधन म्हणजे कर्ज फेडणं, हा संस्कृतातला जुना अर्थ. म्हणून तर २०१६ च्या दिवाळखोरीच्या कायद्याचं हिंदी नाव 'दिवाला और शोधन अक्षमता संहिता' असं आहे. मराठी वाचकाला ते संशोधन न जमण्याबद्दल वाटतं, पण तिथे शोधन म्हणजे फेड. साफ करणं, फेडणं, वजा करणं, हुडकणं : चारही ठिकाणी क्रिया एकच आहे. जे त्या जागेवर नको ते काढायचं आणि उरेल ते नीट पाहायचं.

गणितातली परिभाषा वेगळी, व्यवहारातला शब्द वेगळा, त्यांची मोट बांधू नका, असा आक्षेप यावर नेहमी येतो. माझं म्हणणं असं आहे की दोन्ही एकाच धातूचे फुटवे आहेत, आणि आक्षेप घेणाऱ्यांनी बाईंच्या पत्रातल्या तीन विषयांकडेच एकदा पाहावं.

भूमिती घ्या. युक्लिडनं सुरुवातीला ज्या सर्वमान्य गोष्टी गृहीत धरल्या त्यांतली तिसरी अशी : समानांतून समान वजा केले तर बाकी समान उरते. भास्कराचार्यांच्या घोड्यांनाही हेच लागू होतं. पुढे सगळ्यात मोठी उलथापालथ झाली तीही काढून टाकण्यातूनच. समांतर रेषांबद्दलचं पाचवं गृहीतक इतरांवरून सिद्ध करायचा प्रयत्न दोन हजार वर्षं चालला होता. लोबाचेव्हस्कीनं १८२९ साली आणि बोल्यॉईनं १८३२ साली ते काढून त्या जागी उलट गृहीतक बसवलं, आणि कुठेही विसंगती न येता एक नवीच भूमिती उभी राहिली.

पुंजभौतिकीत तर हे अक्षरशः घडलं आहे. हायड्रोजनच्या अणूतल्या दोन ऊर्जापातळ्या इलेक्ट्रॉनचं वर्तन सांगणाऱ्या डिरॅकच्या समीकरणाप्रमाणे तंतोतंत सारख्या हव्या होत्या. १९४७ साली लॅम आणि रदरफर्ड यांनी मोजल्या, तर त्यांच्यात सुमारे १००० मेगासायकलचा (हे वारंवारतेचं एकक) फरक निघाला. (हा रदरफर्ड अणुकेंद्रवाला नव्हे, त्याच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंगही वेगळं आहे.) हा फरक गणितानं काढायला जावं तर उत्तर अनंत येत होतं. भौतिकशास्त्रज्ञ हान्स बेथेनं त्याच वर्षी, न्यूयॉर्कहून स्कनेक्टडीला जाताना आगगाडीत बसून, अणूत बांधलेल्या इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेतून मोकळ्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा वजा केली. अनंताचा मुख्य भाग गेला. जो थोडा राहिला त्याला त्यानं एक वाजवी मर्यादा घातली, आणि उत्तर आलं १०४० मेगासायकल. मोकळ्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा इथे संशोध्यमान झाली, दुसरा शब्दच नाही.

शेती आणि व्यापाराच्या अर्थशास्त्रात इंग्लिश अर्थतज्ज्ञ रिकार्डो. त्याचा १८१७ चा खंडाचा, म्हणजे जमिनीच्या भाड्याचा, सिद्धांत म्हणजे सरळ वजाबाकी : तेवढ्याच भांडवलात आणि श्रमांत सुपीक जमिनीवर जितकं पिकतं त्यातून, जेमतेम परवडणाऱ्या जमिनीवर पिकतं ते काढा, उरला तो खंड. म्हणूनच तो ठासून सांगतो की धान्य महाग म्हणून खंड चढतो, खंड चढला म्हणून धान्य महाग होत नाही. त्याच ग्रंथात इंग्लंड आणि पोर्तुगालचं उदाहरण आहे. ठरावीक कापडाला इंग्लंडात १०० माणसांची वर्षभराची मेहनत, ठरावीक मद्याला १२० माणसांची. पोर्तुगालात मद्याला ८०, कापडाला ९०. पोर्तुगाल दोन्हींत सरस, तरी त्या कापडाच्या बदल्यात ते मद्य घेतलं तर इंग्लंडचे १२० वजा १०० असे २० वाचतात आणि पोर्तुगालचे ९० वजा ८० असे १०. हे २० आणि १० कुठल्याच तक्त्यात लिहिलेले नसतात. ते शोधावे लागतात, आणि 'शोधावे' इथे दोन्ही अर्थांनी घ्या.

एवढं झाल्यावर मूळ वाक्याकडे येतो. 'तथा' काढा, मराठीत 'आणि' आहे. 'ज्यामिती' चूक नाही. अमरकोशात पृथ्वीच्या नावांत 'ज्या' आहे, म्हणजे अर्थ भूमितीचाच होतो, पण मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला भूमिती म्हटलं की थेट कळतं. 'क्वांटम' ठेवायचं तर ठेवा, 'पुंज' मराठी विश्वकोशानंही वापरला आहे आणि मला तो आवडतो. 'यांमधील' करून कोणी देईल, ते 'यांतील'पेक्षा लांब आहे, घेऊ नका. वाक्य असं छापा : 'पुंजभौतिकी, भूमिती आणि कृषी व व्यापार अर्थशास्त्र यांतील संशोधन'. आणि सहकाऱ्यांना त्यांची दुरुस्ती हवीच असेल, तर छपाईला जाण्यापूर्वी मुद्रितं त्यांच्याकडे एकदा तपासायला द्या.