तोंडी परीक्षेतले 11 गुण आणि कपाटातला लॅपटॉप

सोलापूरहून एका वडिलांनी लिहिलं आहे: ‘मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. मुलगी डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला, कॉम्प्युटर इंजिनीअरिंगला आहे. सी प्लस प्लस या प्रोग्रॅमिंगच्या भाषेच्या तोंडी परीक्षेत 25 पैकी 11 मिळाले. प्रोग्रॅम चालू असताना ऑब्जेक्ट (प्रोग्रॅममधली एक वस्तू) कोणत्या क्लासचा, म्हणजे प्रकारचा आहे हे कसं ओळखशील, असं सरांनी विचारलं. हिने सांगितलं. सर म्हणाले, असं करणं हे वाईट डिझाइन. तरी ही वाद घालत राहिली. पुण्यात आयटीत असलेला भाचा म्हणतो, असं प्रकार ओळखणं, ते आरटीटीआय वगैरे कुणी वापरत नाही, तिला फुल स्टॅकच्या (वेबसाइटची पुढची-मागची सगळी बाजू शिकवणाऱ्या) क्लासला घाला. क्लासवाले नोकरीची हमी देतात. फी 90 हजार, पतसंस्थेकडे अर्ज केलाय. ही रात्री उशिरापर्यंत सरांचा तोच प्रश्न धरून बसते म्हणून लॅपटॉप कपाटात ठेवला आहे. डिग्री होताच नोकरी नाही लागली तर स्थळं बघायला घेऊ, असं तिला सांगून ठेवलंय. गेट आणि एमपीएससीचंही सांगा.’

नमस्कार. तुमच्या पत्रातल्या 11 गुणांची मला काळजी वाटली नाही. ती पास आहे. मी थांबलो ते शेवटून दुसऱ्या वाक्यावर. तुम्ही ते शिस्त म्हणून लिहिलं असेल, पण एकोणीस-वीस वर्षांची मुलगी ते वाक्य मनात घेऊन परीक्षेला बसते. तोंडी परीक्षेत सर समोर असताना तिला आपलं स्थळ दिसत असेल, तर आहे ते उत्तरही सुचणार नाही. लग्न हा शिक्षणात मागे पडल्याचा दंड कसा काय होतो? मुलगा असता तर त्याला तुम्ही काय म्हणाला असतात, याचं उत्तर स्वतःला द्या. तुम्ही कारखान्यातल्या नोकरीवर तिला डिप्लोमा आणि मग इंजिनीअरिंगपर्यंत आणलंत. ही साधी गोष्ट नाही, आणि म्हणूनच सांगतो, ते वाक्य तिच्यासमोर बसून मागे घ्या. ‘रागात बोललो’ एवढं पुरे.

लॅपटॉपचं त्याहून सोपं आहे. प्रोग्रॅमिंग वहीत शिकता येत नाही. मुलगी रात्री जागून सिनेमे बघत असती तर गोष्ट वेगळी. तुम्हीच लिहिता की ती अभ्यासातला प्रश्न धरून बसते. झोपेची वेळ ठरवा, यंत्र कुलपात नको.

आता भाच्याचं मत. ते अर्धं खरं आहे, म्हणून जास्त फसवं आहे. तुमच्या गोदामात बांधलेल्या गठ्ठ्यावर चिठ्ठी नसेल तर आत चादरी आहेत की टॉवेल हे तो फोडल्याशिवाय कळत नाही. आरटीटीआय म्हणजे ऑब्जेक्टवरची अशी चिठ्ठी, प्रोग्रॅम चालू असताना वाचता येणारी. सी प्लस प्लसच्या 1998 च्या प्रमाणित आवृत्तीत ती डायनॅमिक कास्ट (प्रकार तपासून बदलणं) आणि टाइपआयडी (प्रकार विचारणं) या रूपात आहे. अनेक मोठे प्रकल्प ती बंद ठेवतात, हे भाच्याचं खरं. पण बंद ठेवून ते काय करतात? स्वतःची चिठ्ठी बनवतात. मायक्रोसॉफ्टची एमएफसी, म्हणजे विंडोजचे प्रोग्रॅम लिहिण्यासाठीचं फ्रेमवर्क (तयार कोडचा सांगाडा), 1992 मध्ये आली, भाषेचं प्रमाण ठरण्याच्या आधी. तिच्यात सी-रनटाइम-क्लास नावाची रचना आणि ‘इज काइंड ऑफ’ असं विचारणारं फंक्शन होतं. क्यूटी या दुसऱ्या फ्रेमवर्कमध्ये मेटा-ऑब्जेक्ट कंपायलर नावाचं साधन हेडर फाइल वाचून क्लासचं नाव, सिग्नल, स्लॉट, प्रॉपर्टी यांचा वेगळा कोड तयार करतं. एलएलव्हीएम हा कंपायलरचा प्रकल्प भाषेचं आरटीटीआय वापरत नाही, पण त्याच कामासाठी त्याने स्वतःची फंक्शन्स लिहिली आहेत. एमएफसी, क्यूटीसारख्यांचं कारण असं की भाषेचं आरटीटीआय प्रकार सांगतं, पण फाइलमध्ये लिहिलेल्या नावावरून नवा ऑब्जेक्ट घडवून देत नाही, आणि फ्रेमवर्कला नेमकं तेच हवं असतं. शिवाय टाइपचं नाव म्हणून मिळणारा मजकूर कंपायलरगणिक बदलतो, त्यामुळे तो फाइलमध्ये साठवून त्यावर विसंबता येत नाही. जावा या भाषेत तर प्रत्येक ऑब्जेक्टला त्याचा क्लास विचारता येतो आणि रिफ्लेक्शन, म्हणजे प्रोग्रॅमने स्वतःचेच क्लास तपासणं, 1997 च्या 1.1 आवृत्तीपासून आहे. फुल स्टॅकच्या क्लासात जावा घेतली तर बहुधा स्प्रिंग हे जावाचं फ्रेमवर्क शिकवतात. तिथे क्लासवर एक अॅनोटेशन, म्हणजे खुणेचा शब्द, लिहिलं की ऑब्जेक्ट आपोआप तयार होतो, तो याच रिफ्लेक्शनच्या जोरावर. तिथे ते कसं वापरायचं एवढंच सांगतील. तुमच्या मुलीला ते आतून कसं चालतं हे विचारायचं आहे. तुम्ही 90 हजार कशासाठी देताय ते बघा.

नोकरीच्या हमीबद्दल स्पष्ट बोलतो. हमी कागदावर मागा: किती पगार, किती दिवसांत, नाही लागली तर फी परत कधी. टाळाटाळ झाली तर पतसंस्थेतला अर्ज मागे घ्या. माझ्या मते आत्ता तो तसाही मागे घ्यावा; तिसऱ्या वर्षानंतर गरज वाटली तर तिच्याशी बोलून ठरवा. भाचा नोकरी करतो, पण दुसऱ्याच्या अभ्यासाचा निकाल फोनवर लावण्याचा अधिकार त्यामुळे येत नाही.

गेट तिसऱ्या वर्षापासून देता येते, एमपीएससीची पूर्वपरीक्षा पदवीच्या शेवटच्या वर्षाला असताना. दोन्हींची घाई आज नको.

यापुढचं तिला वाचायला द्या.

बाळा, सरांचंही अर्धं खरं आहे आणि ते तू मान्य करायला हवं होतंस. प्रत्येक क्लाससाठी डायनॅमिक कास्ट लावत ‘हा असेल तर हे कर, तो असेल तर ते कर’ अशी रांग लिहिली, की नवा क्लास आला की अशी प्रत्येक जागा शोधून बदलावी लागते. तिथे व्हर्च्युअल फंक्शनच बरोबर, म्हणजे प्रत्येक क्लास आपलं काम स्वतःच सांगतो. तोंडी परीक्षेत हे आधी सांगायचं, मग प्रकार विचारण्याची खरी गरज कुठे पडते ते. क्रम उलटा झाला की परीक्षकाला वाटतं, हिला व्हर्च्युअल फंक्शन माहीत नाही. आणि बेस क्लासवरून डिराइव्ह्ड क्लासकडे डायनॅमिक कास्टने जायचं तर बेस क्लासमध्ये निदान एक व्हर्च्युअल फंक्शन लागतं. पॉइंटर जुळला नाही तर नल मिळतो, रेफरन्स जुळला नाही तर बॅड कास्ट अपवाद फेकला जातो. हे सांगितलं असतंस तर वादाची वेळ आली नसती.

आता एक काम कर. बाबांच्या कारखान्यातल्या ऑर्डरींचा छोटा प्रोग्रॅम लिही: एक बेस क्लास, त्याखाली टॉवेल, चादर, नॅपकिन. दर काढायला फक्त व्हर्च्युअल फंक्शन वापर. मग सगळ्या ऑर्डरी फाइलमध्ये साठव आणि परत वाच. वाचताना ‘चादर’ हा शब्द हाती येईल, ऑब्जेक्ट येणार नाही. तिथे अडशील. क्लासचं नाव आणि तो ऑब्जेक्ट तयार करणारं फंक्शन यांची जोडी ठेवणारा तक्ता स्वतः लिही. मग जी प्लस प्लस या कंपायलरमध्ये आरटीटीआय बंद करून तोच प्रोग्रॅम कंपाइल कर आणि काय मोडतं ते बघ. व्हर्च्युअल फंक्शन्स चालूच राहतील. शेवटी तेच क्यूटीत कर आणि मेटा-ऑब्जेक्ट कंपायलरने बनवलेली फाइल उघडून ओळ न् ओळ वाच. तुझ्या तक्त्याचा मोठा भाऊ तिथे सापडेल. मुलाखतीत कुणी विचारलं की तुझा सर्वांत आवडता प्रोजेक्ट कोणता, तर हाच दाखव, कारण त्यातला प्रत्येक निर्णय तू स्वतः घेतलेला असेल.

हे झालं की सरांना स्टाफरूममध्ये भेटायची वेळ माग. ‘तेव्हा मी उत्तर नीट मांडलं नाही’ असं सांग आणि तक्त्याचा कोड दाखव. 11 चे 15 होणार नाहीत. पण पुढच्या वर्षी प्रोजेक्टसाठी गाइड लागेल, तेव्हा त्यांनाच विचार.