बशीमागे निळ्या रंगात गुंफलेले दोन ‘एल’ आहेत. फ्रान्सच्या सेव्र कारखान्याची खरी जुनी पोर्सलीन (उंची चिनी माती) असेल का? किंमत किती येईल?

दोन ‘एल’ बघून हुरळू नका. ती फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याची खूण, कुंचल्याने हाताने काढलेली. ज्याला निळा रंग मिळाला त्या प्रत्येक नकलाकाराने ती रंगवली आहे.

आमच्याकडे असाच एक कप होता. पॅरिसला राहायचो तेव्हा नवऱ्याने जुन्या बाजारातून आणला. आकाशी निळा, सोनेरी काठ, ‘एल’च्या मधोमध ‘एफ’. हे मधलं अक्षर म्हणजे वर्षाची खूण; १७५३ला ‘ए’ धरून अक्षरं मोजली की १७५८ येतं. त्या उन्हाळ्यात आई साताऱ्याहून आली होती. तिने त्यात चहा घेतला आणि सवयीने तारेच्या घासणीने कप घासला. नळावर आपटून काठाचा टवका उडाला. ‘अडीचशे वर्षं टिकलेला कप तुझ्या आईच्या हातात आठवडाभर टिकला नाही,’ हे मी नऊ वर्षं ऐकतेय. आई त्यानंतर आमच्याकडे स्टीलच्या भांड्यातच चहा प्यायची.

टवक्याकडे नीट बघायचं मलाही फार उशिरा सुचलं. आत काचेसारखं गुळगुळीत! १७५८ची सेव्र मऊ जातीची, ती फुटली की आतून साखरेसारखी रवाळ दिसते. काचेसारखी दिसते ती कठीण जात, आणि तिला केओलिन नावाची पांढरी माती लागते. फ्रान्समध्ये ती सापडली लिमोजजवळच्या सँ-तिरिएला, १७६८च्या सुमारास. मग १७५८च्या कपात ती आली कुठून? आईने कप फोडला नाही, पकडून दिला.

तेव्हा तुमच्या बशीवर वर्षाचं अक्षर आहे का बघा, आणि कुठे टवका उडालाय का तेही. मुद्दाम पाडू नका, बाई! शिवाय १७७०नंतर बरीच वर्षं सेव्रला दोन्ही जाती बनत होत्या, तिथे ही युक्ती चालत नाही. आणि माती अस्सल निघाली तरी रंग खोटा असू शकतो. १८००नंतर तिथल्या संचालकाने, ब्रोंन्यारने, पडून राहिलेला कोरा माल विकून टाकला आणि बाहेरच्यांनी त्यावर जुन्या धर्तीची फुलं रंगवली.

किमतीचं लिलाववाल्या जाणकाराला विचारा. फोटोवरून छातीठोक आकडा सांगणाऱ्यावर माझा विश्वास नाही.

हे सगळं नवऱ्याला वाचून दाखवलं. म्हणाला, ‘पण टवका तिनेच उडवला ना?’