आंतरराष्ट्रीय कक्षातली नोकरी घ्यावी का?

तुम्ही विचारलं आहे की, एम.ए. झालं, पुण्यातल्या एका विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कक्षात, म्हणजे परदेशी जाणाऱ्या आणि तिकडून येणाऱ्या विद्यार्थ्यांचं काम पाहणाऱ्या कार्यालयात, नोकरी मिळते आहे, पण घरचे म्हणतात ही नुसती कारकुनी, यात पुढे काही नाही. घ्यावी का? आणि ज्यांनी हे काम वर्षानुवर्षं केलं, त्यांना त्यातून काय मिळालं?

मी हे काम पुण्यातच पंचवीस वर्षं केलं, दोन संस्थांमध्ये. गेल्या वर्षी निवृत्त झाले. घरचे म्हणतात त्यात तथ्य आहे. कारकुनी आहेच आणि भरपूर आहे. पण त्या कारकुनीवर कुणाचं तरी वर्ष वाचतं किंवा बुडतं.

एक उदाहरण सांगते. जर्मनीत परीक्षेच्या श्रेणीत १ म्हणजे सर्वोत्तम आणि ४ म्हणजे जेमतेम पास. आपले गुण तिथे एका सूत्राने बसवतात, त्याला बव्हेरियन सूत्र म्हणतात. कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करायचे, कमाल आणि उत्तीर्णतेचे गुण यांतल्या फरकाने भागायचं, तिनाने गुणायचं आणि त्यात एक मिळवायचा. आमच्या एका मुलीला ७० टक्के होते. पास व्हायला ४० लागतात, म्हणजे तिचे झाले २.५. तिला हव्या असलेल्या अभ्यासक्रमाची अट नेमकी २.५ ची होती. पण आमच्याच कार्यालयाने दिलेल्या पत्रावर उत्तीर्णतेची मर्यादा चुकून ५० छापली गेली. आता तेच सूत्र लावलं की येतात २.८, आणि अर्ज बाद! अर्जाची मुदत जुलैच्या मध्याला संपत होती. पत्र बदलून, सही-शिक्का घेऊन ते कुरिअरने गेलं तेव्हा चार दिवस उरले होते. तिला प्रवेश मिळाला. तेव्हापासून मी कुठलंही पत्र दोनदा वाचल्याशिवाय सहीला पाठवलं नाही.

क्रेडिटचंही, म्हणजे अभ्यासाचा भार मोजायच्या एककाचंही, तसंच. युरोपात पूर्ण वर्षाचे ६० क्रेडिट धरतात, आपल्याकडे साधारण ४०. म्हणजे आपला चार क्रेडिटचा पेपर तिकडे सहाच्या आसपास बसतो. हे आधी लिहून घेतलं नाही, तर मुलगा एक सत्र तिकडे शिकून येतो आणि इथे परीक्षा विभाग त्याला तेच पेपर पुन्हा द्यायला सांगतो. असं झालेलं मी पाहिलं आहे. फार वाईट वाटतं, कारण मुलाची काहीच चूक नसते.

आता करारांबद्दल. शिष्टमंडळ येतं, शाल-श्रीफळ होतं, सामंजस्य करारावर सह्या होतात, फोटो छापून येतो. माझ्या काळात झालेल्या करारांपैकी बरेचसे फाइलच्या बाहेर आलेच नाहीत. जे चालले, त्या सगळ्यांत इथला एक प्राध्यापक आणि तिकडचा एक प्राध्यापक आधीपासून एकमेकांचं काम वाचत होते, करार मागाहून झाला. दुसरं कारण पैशाचं. युरोपीय संघाच्या इरॅस्मस प्लससारख्या योजनेत विद्यार्थ्याला प्रवासखर्च आणि दरमहा भत्ता मिळतो, म्हणून साध्या घरातली मुलंही जातात. नुसती फी माफ करणाऱ्या करारात विमानाचं तिकीट आणि तिथलं घरभाडं कोण देणार? मग ज्यांच्या घरी पैसा आहे तीच मुलं जातात. ही गोष्ट मला शेवटपर्यंत टोचत राहिली. २०२२ मध्ये यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, परदेशी विद्यापीठांसोबतच्या संयुक्त आणि दुहेरी पदवीचे नियम आणले, दारं मोठी झाली. पण तिकिटाचा प्रश्न नियमाने सुटत नाही.

आपल्याकडे येणाऱ्या मुलांचं काम मला सगळ्यात जवळचं. फर्ग्युसनच्या वसतिगृहात मॉरिशसचा एक विद्यार्थी काविळीने आजारी होता, एक मुलगी त्याला खिडकीतून जेवण देत होती, आणि ते पाहून रेक्टर असलेल्या शां. ब. मुजुमदारांनी १९७१ मध्ये सिंबायोसिस सुरू केलं, ही गोष्ट पुण्यात बहुतेकांना माहीत आहे. आजही प्रश्न तेच आहेत: जेवण, आजारपण आणि घर. त्यातलं घर सगळ्यात अवघड. आफ्रिकेतल्या मुलाला पाहिलं की सोसायटीत ‘जागा गेली’ म्हणतात. मी कितीतरी वेळा स्वतः जाऊन सेक्रेटरींना भेटले आहे, ‘काका, मुलगा आमच्या विद्यापीठाचा आहे, जबाबदारी माझी’ असं सांगितलं आहे. राहत्या जागेचा पुरावा, म्हणजे भाड्याच्या घरासाठी बहुधा लिव्ह अँड लायसन्सचा करार, हातात आल्याशिवाय परदेशी नागरिक म्हणून त्याची नोंदणी होत नाही, आणि नोंदणीसाठी भारतात आल्यापासून चौदाच दिवस मिळतात. तेव्हा इंग्रजी बोलून उपयोग नसतो. काकांशी मराठीत, चहा घेत बोलावं लागतं.

एक प्रसंग मी विसरू शकत नाही. कोविडमध्ये घरी गेलेली अफगाण मुलं तिकडेच अडकली. १५ ऑगस्ट २०२१ ला काबूल तालिबानच्या हाती गेलं, आणि दहा दिवसांनी भारताने अफगाण नागरिकांना आधी दिलेले व्हिसा रद्द केले. आमच्या एका मुलीचा एम.ए.चा प्रबंध अर्धा झाला होता. तिच्या मार्गदर्शक बाई रात्री जागून तिची प्रकरणं तपासायच्या. ती वहीच्या पानांचे फोटो पाठवायची, वीज आली की. तोंडी परीक्षा तीनदा मध्येच तुटली, चौथ्यांदा पुरी झाली. परीक्षा विभागाच्या अर्जात ‘विद्यार्थी प्रत्यक्ष हजर’ असा रकाना होता. त्यातून तिला सूट मिळावी म्हणून मी तीन टिपण्या लिहिल्या. दोन परत आल्या, तिसरी मंजूर झाली. ती पास झाली. तुम्ही ‘काय मिळालं’ विचारता, तर मला ती तिसरी टिपणी आठवते.

पगार बेताचा असेल, हे गृहीत धरा. पहिली काही वर्षं नेमणूक करारावर असते, बढतीची शिडी आखडती आहे. घरात एकट्या तुमच्याच पगारावर भार असेल, तर नीट विचार करा. तो नसेल, आणि माणसांसाठी कागदांशी भांडायची तयारी असेल, तर घ्या. मुलाखतीत त्यांना एवढं विचारा की, गेल्या वर्षी कुठल्या करारावर किती मुलं गेली आणि आली. उत्तरात आकडे मिळाले तर कार्यालय जिवंत आहे. नुसती देशांची नावं मिळाली, तर तुम्हाला बरंच शून्यातून उभं करावं लागेल. एखादी भाषाही शिकून घ्या. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन, फ्रेंच, जपानीचे वर्ग नोकरी सांभाळून करता येतात. आणि रुजू व्हायचंच असेल तर जूनच्या आधी व्हा. जुलैत परदेशी मुलं यायला लागली की नवीन माणसाला काम शिकवायला तिथे कुणालाच वेळ नसतो.