सायकलने शाळेत पाठवू का?

"शाळा दीड किलोमीटरवर आहे, मुलगा सहावीत आहे, सायकलने जातो म्हणतो. पाठवू का?" जून जवळ आला की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. विचारणारी बहुतेक वेळा आई असते आणि तिला 'नको' हेच उत्तर ऐकायचं असतं.

कोथरूडमधल्या एका कुटुंबाचं सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. ते आले होते वेगळ्याच तक्रारीसाठी: मुलगा सकाळी चिडचिड करतो, आईशी धड बोलत नाही. आई त्याला रोज स्कूटरवरून शाळेत सोडायची, दुपारी आणायची आणि त्यासाठी ऑफिसात साहेबांची बोलणी खायची. वर्गातले बरेच जण सायकलवर येतात, हा आईच्या मागे बसून येतो, यावरून पोरं त्याला चिडवतात, हे बऱ्याच उशिरा बाहेर आलं.

वडिलांचं म्हणणं सरळ होतं. "मॅडम, मी पाचवीपासून सायकलवर गेलो. काय झालं मला?" पुण्यातल्या या पिढीच्या वडिलांचं हे ठरलेलं वाक्य आहे. पुणं सायकलींचं शहर होतं हे खरं. पण तेव्हा रस्त्यावर सायकली आजच्यापेक्षा कितीतरी जास्त होत्या, म्हणून तर मुलं निर्धास्त होती. आजच्या कर्वे रस्त्यावर त्या आठवणी काय कामाच्या?

आई म्हणाली, "रस्त्यावर कशी चालवतात ते बघता ना तुम्ही?" बघते. म्हणूनच तिची भीती मला खोटी वाटली नाही. फक्त ती पूर्ण दीड किलोमीटरवर सारखीच पसरलेली होती, आणि अशा भीतीचं काहीच करता येत नाही.

मी मुलाला कोरा कागद दिला आणि घरापासून शाळेपर्यंतचा रस्ता काढायला सांगितला. तसाच एक आईलाही दिला. आईच्या कागदावर सोसायटीचं गेट, मधला चौक आणि शाळा एवढंच उमटलं. मुलाने गेटपाशी झोपणारा काळा कुत्रा काढला, इस्त्रीवाल्याची टपरी, विजेची डीपी, पंक्चरवाला, दुधाचा टेम्पो उभा राहतो ती जागा आणि बसस्टॉप. बसस्टॉपवर त्याने पेन्सिलने जोरात फुली मारली. "इथे बस उभी असली की पलीकडचं काही दिसत नाही. लोक एकदम मधून येतात. मला इथे भीती वाटते." आई बघतच राहिली. चौकात तो घाबरत नव्हता, कारण तिथे सिग्नल होता. त्याला काय वाटतं, हे तोवर कुणी विचारलंच नव्हतं.

आता वयाचं. पोर हुशार आहे, पाढे पाठ आहेत, म्हणून रस्ता ओलांडता येईल असं नसतं. साधारण दहा वर्षांच्या आतल्या मुलाला येणाऱ्या गाडीचा वेग नीट जोखता येत नाही. गाडी लांब आहे एवढंच त्याला दिसतं. ती किती लवकर पोचेल, हे नाही. स्टिना सँडेल्स या स्वीडिश मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1960च्या दशकात मुलांचं रस्त्यावरचं वागणं बारकाईने अभ्यासलं. त्यांचं म्हणणं असं होतं, की लहान मूल कितीही शिकवलं तरी मोठ्यांसारखं वागेल अशी अपेक्षाच चूक आहे. रस्त्यांनी मुलांना सांभाळून घ्यायला हवं. आपले रस्ते ते करत नाहीत. त्यामुळे तिसरी-चौथीपर्यंत मोठं माणूस सोबत हवंच. सहावीतल्या मुलाला मात्र शिकवता येतं, शिकवायला वेळ दिला तर.

एकदा आई एकटीच आली तेव्हा खरी गोष्ट बोलली. "काही झालं तर सगळे मलाच विचारतील, तू पाठवलंसच कशाला? हे असं बोलतात, पण सासूबाईंसमोर उभं मलाच राहावं लागेल." माझ्या मते या घरातला पेच इथे होता. अपघाताची भीती होतीच, पण त्याहून मोठी होती दोष एकटीच्या माथी येण्याची. वडील बेफिकीर राहू शकत होते, कारण काळजीचं खातं बायकोकडे होतं. म्हणून सायकलीचा सराव वडिलांनीच घ्यायचा आणि 'जा' हेही त्यांनीच, आजीसमोर म्हणायचं, असं ठरवलं.

सायकल चुलतभावाची होती, मोठ्या मापाची. 'वाढतं अंग आहे, पुढे होईल' म्हणून दिलेली. सीटवर बसल्यावर मुलाचे जेमतेम अंगठे टेकायचे. ती आधी बदलायला लावली. दप्तर हँडलला लटकवायचं नाही, कॅरिअरला घट्ट बांधायचं. वडिलांना रविवारी सकाळी सराव घ्यायचा होता. मी नको म्हटलं. रविवारी सात वाजताचा रस्ता आणि शाळेच्या वेळचा रस्ता एक नसतो. दोघे शाळेच्याच वेळी निघू लागले: आधी वडील पुढे, मग मुलगा पुढे. पुढे असताना त्याने दिसेल ते मोठ्याने बोलायचं: "बस उभी आहे, हळू करतो. उभ्या गाडीचं दार उघडेल." जे तो बोलत नव्हता ते त्याला दिसत नव्हतं, हे वडिलांना आपोआप कळत गेलं. बसस्टॉपपाशी आणि चौकात उतरून सायकल हातात धरून चालायचं. मग वडील फक्त बसस्टॉपवर उभे राहू लागले आणि पुढे तेही थांबलं.

एक गोष्ट जाता जाता. सायकलला घाबरणारी ही आई मुलाला रोज बिनहेल्मेटचं मागे बसवत होती. मोटार वाहन कायद्यातल्या 2019च्या दुरुस्तीनंतर चार वर्षांवरच्या प्रत्येकाला दुचाकीवर हेल्मेट सक्तीचं आहे. आणि सहावीत सायकल नाकारणारी कितीतरी घरं नववी-दहावीत क्लासला जायला गाडीची चावी देतात, तेव्हा मला हसावं की रडावं कळत नाही. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर त्याच कायद्याने पालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

मी सरसकट सगळ्यांना 'पाठवा' म्हणत नाही. बायपासचा सर्व्हिस रोड, ओलांडायला सिग्नल नाही, उलट्या दिशेने डंपर येतात, अशा वाटेवर मी स्पष्ट नाही म्हणते. तिथे मुलाचा सराव पुरत नाही, पालकांनी मिळून शाळेकडे आणि महापालिकेकडे जावं लागतं. मुलगी असेल तर भीती रहदारीपेक्षा माणसांची असते. मग वाटेवरची ओळखीची दुकानं, दोघी-तिघींनी मिळून निघणं, हे आधी बघते.

हा मुलगा आता बहुतेक दिवस सायकलने जातो. जोराचा पाऊस असला की आई सोडते, दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट असतं. चिडचिड पूर्ण गेलेली नाही, वयच तसं आहे.

परवा त्या बाईंचा फोन आला. धाकटी तिसरीत आहे, तीही आता हट्ट करतेय. "दादा जातोच आहे तर त्याच्यामागे कॅरिअरवर पाठवू का?" मी म्हटलं, नाही. तो अकरा वर्षांचा आहे, त्याला सध्या स्वतःपुरतं बघू दे. धाकटीला आजोबांबरोबर चालत पाठवा, आणि तिच्याकडूनही रस्त्याचं चित्र काढून घ्या.